वाचणाऱ्याचा चष्मा कोणी फोडला?

काही कलाकृतींचे दुर्दैव असे की, त्यांचा शेवट त्यांच्यापेक्षा अधिक प्रसिद्ध होऊन बसतो. ‘द ट्वायलाइट झोन’ या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेतील ‘टाइम इनफ ॲट लास्ट’ हा भाग अशांपैकी एक होय. सर्वनाशानंतर एकटा उरलेला एक पुस्तकवेडा मनुष्य, समोर ग्रंथांचे ढीग, हाताशी अपार वेळ, आणि नेमक्या त्याच क्षणी फुटलेला चष्मा! एवढे चित्र, ज्यांनी तो भाग कधी पाहिला नाही अशांच्याही ऐकिवात असते. त्या चित्राखाली लिहावयाचे वाक्यही जणू ठरून गेले आहे. “माणसांना टाळून पुस्तकांत दडून बसणाऱ्याला मिळालेले हे शासन,” असे एक पक्ष म्हणतो. “नियतीची थट्टा, दुसरे काय!” असे म्हणून दुसरा पक्ष थोडा हळहळतो, थोडा हसतो आणि उठून जातो. या दोन्ही पक्षांशी माझे भांडण आहे. पहिला पक्ष निरपराध मनुष्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो. दुसरा पक्ष खऱ्या आरोपींना पिंजऱ्यातून सोडून देतो. हा भाग पुन्हा एकवार लक्षपूर्वक पाहिला, तर दोन्ही पक्षांचे म्हणणे टिकत नाही, असे दाखविण्याचा या लेखात माझा प्रयत्न आहे.

पुन्हा पाहण्यावर मी मुद्दामच भर देतो. धक्का देणाऱ्या कथेची पहिली भेट ही त्या धक्क्याची भेट असते. शेवट ठाऊक नसल्यामुळे प्रेक्षक शेवटाकडे धावत असतो, आणि मधल्या गोष्टी रस्त्याकडेच्या झाडांसारख्या मागे पडतात. दुसऱ्या भेटीत धावण्याचे कारण उरत नाही. मग ती झाडे दिसू लागतात. ज्या कथेत दुसऱ्या खेपेस पाहण्यासारखे काही उरत नाही तिला चुटका म्हणावे. हा भाग चुटका आहे असे मानणाऱ्यांनी तो एकदाच पाहिला असला पाहिजे.

प्रथम वस्तुस्थिती. ही मालिका २ ऑक्टोबर १९५९ रोजी सी. बी. एस. वाहिनीवर सुरू झाली आणि १९६४ पर्यंत चालली. तिच्या एकूण १५६ भागांपैकी ९२ भागांचे लेखन तिचा जनक रॉड सर्लिंग याने स्वतः केले. प्रस्तुत भाग २० नोव्हेंबर १९५९ रोजी प्रक्षेपित झाला. मूळ कथा लिन व्हेनेबल या लेखिकेची. ती जानेवारी १९५३ मध्ये ‘इफ’ या विज्ञानकथांच्या मासिकात प्रसिद्ध झाली होती. नाट्यरूप सर्लिंगचे, दिग्दर्शन जॉन ब्राम याचे, आणि मुख्य भूमिका बर्जेस मेरेडिथ या गुणी नटाची. चित्रण कृष्णधवल, अवधी जेमतेम अर्ध्या तासाचा.

हेन्री बेमिस हा बँकेत खिडकीवर बसून पैसे मोजणारा कारकून. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, आणि मांडीवर गल्ल्याआड दडवलेले डिकन्सचे ‘डेव्हिड कॉपरफील्ड’. वाचण्याच्या नादात तो एका ग्राहक बाईला पैसे कमी देतो. साहेब त्याला खोलीत बोलावून तंबी देतात की, पुन्हा वाचताना दिसलास तर नोकरी गेली म्हणून समज. घरी बायको वर्तमानपत्रसुद्धा हाती लागू देत नाही. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत बेमिस पुस्तक आणि वर्तमानपत्र घेऊन तळघरातील तिजोरीच्या खोलीत जातो. त्या पत्रात हायड्रोजन बाँबची बातमी आहे. ती वाचीत असतानाच खोली हादरते. वर येऊन पाहतो, तो जग बेचिराख झालेले. पुढे एकटेपणा, हाती घेतलेले पिस्तूल, अकस्मात दिसलेले सार्वजनिक ग्रंथालय, त्याच्या पायऱ्यांवर महिन्यामहिन्यांच्या वाचनाचे लावलेले ढीग, आणि शेवटी तो चष्मा.

आता आरोपांकडे वळू. पहिला आरोप कर्तव्यच्युतीचा. बेमिस कामाच्या वेळी वाचतो व त्यामुळे ग्राहकाचे नुकसान होते, ही गोष्ट खरी आहे. मी स्वतः केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून आहे. खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या माणसाचा वेळ आणि पैसा ही आपल्याकडील ठेव असते, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. या एका बाबतीत साहेबांची तंबी न्याय्यच होती. परंतु साहेब तेथे थांबत नाहीत. बायको वाचू देत नाही म्हणून बेमिस जेवणाच्या टेबलावरील बाटल्यांवर चिकटवलेले कागद वाचू लागतो, आणि मग ती बाई सॉसची बाटलीही त्याच्या हाती लागू देत नाही, अशी कैफियत तो मांडतो, तेव्हा साहेब त्या बाईच्या बुद्धिमत्तेची तारीफ करतात! येथे मुखवटा गळून पडतो. ग्राहकाचे पैसे हे निमित्त होते. वाचणारा मनुष्यच त्यांच्या डोळ्यांत खुपत होता. घरी जेवताना बाटलीवरील अक्षरे वाचल्याने बँकेचे कोणते नुकसान होणार होते? जो अधिकारी कामातील चूक दाखवितो तो आपले काम करतो; जो कामाबाहेरच्या आवडीलाही गुन्हा ठरवितो तो माणसाकडे हात, मान आणि सही एवढ्याच अवयवांचा समुच्चय म्हणून पाहत असतो.

आणि एक बारकावा पाहा. बेमिस तिजोरीत वाचायला जातो तो जेवणाच्या सुट्टीत. तो वेळ त्याचा स्वतःचा आहे. किंबहुना त्या सुट्टीत तो वाचायला गेला म्हणूनच वाचला. वर बसलेले कार्यक्षम लोक गेले. खाली पुस्तक घेऊन बसलेला हा निकामी कारकून उरला. पुढे निराशेच्या टोकाला गेलेल्या याच मनुष्याच्या हातून पिस्तूल खाली ठेवविते तेही ग्रंथालयच. अशा रीतीने पुस्तकांनी एका मनुष्याला दोनदा मरणाच्या दारातून परत आणले. वाचनाचा नाद हेच त्याच्या नाशाचे कारण, असे म्हणणाऱ्यांनी या दोन प्रसंगांचे काय केले? पडद्यावर घडलेले पुसून टाकून मगच त्यांना आपला बोध काढता आला असला पाहिजे.

दुसरा आरोप माणूसघाणेपणाचा. हा अधिक गंभीर आहे, आणि सर्वस्वी खोटा आहे. खिडकीशी उभ्या असलेल्या ग्राहक बाईशी बेमिस काय बोलतो? कॉपरफील्डची गोष्ट तो तिला उत्साहाने सांगू पाहतो. त्याला जे गवसले आहे ते दुसऱ्याला द्यावयाचे आहे. घरी बायको गोड आवाजात त्याला कवितांचे पुस्तक वाचून दाखवायला सांगते, तेव्हा त्याचा चेहरा कसा उजळतो ते मेरेडिथच्या अभिनयात पाहण्यासारखे आहे. तो आनंद पुस्तक हाती आल्याचा नाही. कोणीतरी ऐकणार आहे, याचा आहे. तो पान उघडतो, तर एकूण एक ओळ काट मारून खोडलेली. पुढचे पान तसेच, त्यापुढचेही तसेच. मग ती बाई पुस्तक हिसकावून घेऊन पाने टराटरा फाडते. सगळ्या भागातील सर्वांत भयंकर प्रसंग मला हा वाटतो. बाँबने शहर जाते. येथे एक मनुष्य दुसऱ्या मनुष्याच्या अंतःकरणाचे दार, ते उघडत असता, मुद्दाम लोटून घेतो.

पुढे जग संपल्यावर बेमिस काय करतो? साहेब नाहीत, बायको नाही, घड्याळ नाही, अन्नाचे डबे हवे तितके. माणूसघाण्याला याहून मोठा स्वर्ग कोणता? परंतु बेमिसला हा स्वर्ग सोसवत नाही. तो ढिगाऱ्यांतून हिंडतो, माणूस शोधतो, आणि कोणीच नाही अशी खात्री पटल्यावर स्वतःला संपवावयास निघतो. एकटेपणाने मरणाला मिठी मारू पाहणाऱ्या या मनुष्याला समाजाचा द्वेष्टा म्हणणे हा न्याय नव्हे. समाजाने त्याला आधी एकटा पाडला, आणि मग एकटा राहतो म्हणून दोष दिला. डिकन्सच्या कादंबरीतील लहानग्या डेव्हिडचेही असेच झाले होते. मर्डस्टन या कठोर सावत्र बापाच्या घरात त्या पोराला मृत पित्याने मागे ठेवलेल्या पुस्तकांनीच तगविले. बेमिसच्या मांडीवर नेमकी तीच कादंबरी असावी, यात मोठे औचित्य आहे.

येथे नाट्यकर्त्यावरही मला एक ठपका ठेवावयाचा आहे. बायकोच्या तोंडी त्याने स्वतःच्या समर्थनाचे एकही वाक्य घातले नाही. मित्रांकडे पत्ते खेळायला जाताना खिशात चोरून पुस्तक नेणारा, जेवताना बाटली वाचणारा नवरा ज्या स्त्रीच्या वाट्याला आला, तिचीही काही बाजू असेल. तिची संध्याकाळ कशी जात असेल? सर्लिंगला हे सुचले असते, तर ती बाई कजाग बायकोचा छापील नमुना न राहता मनुष्य झाली असती, आणि त्या खोडलेल्या ओळींना अधिक खोल अर्थ आला असता. ही उणीव मान्य करूनही मूळ मुद्दा बदलत नाही. रुसणे, भांडणे, बोलणे हे सर्व मार्ग तिला मोकळे होते. ओळ अन् ओळ खोडण्याचा अधिकार कोणत्याही गाऱ्हाण्यातून उत्पन्न होत नाही.

ओळी खोडल्या जाणे म्हणजे काय, हे सर्लिंगइतके कोणाला ठाऊक असणार? १९५५ साली मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली. त्या घटनेवरून सर्लिंगने ‘नून ऑन डूम्सडे’ हे दूरचित्रवाणी-नाटक लिहिले. ते १९५६ मध्ये आले, तेव्हा जाहिरातदारांच्या धाकाने त्यातील मूळ आशयाची इतकी काटछाट झालेली होती की, त्या अत्याचाराचा मागमूस राहू नये. वास्तवावर उघडपणे लिहू देत नाहीत, तेव्हा परग्रह, भुते आणि भविष्यकाळ यांच्या आडून लिहावे, या विचाराने तो अद्भुताकडे वळला आणि ‘ट्वायलाइट झोन’ जन्माला आले. त्याआधी १९५५ मध्येच ‘पॅटर्न्स’ या नाटकात त्याने एका कंपनीचा निष्ठुर मालक आपल्या वयस्क सहकाऱ्याला अपमान करकरून कसा संपवितो ते दाखविले होते. कचेरी कशी असते आणि काट मारणारा हात कसा असतो, दोन्ही त्याला पुरते माहीत होते.

म्हणूनच शेवटाबद्दल माझी तक्रार त्याच्याकडेच आहे. प्रारंभीच्या निवेदनात सर्लिंगचा आवाज स्पष्ट सांगतो की, या पुस्तकवेड्या मनुष्याविरुद्ध बँकेचा अध्यक्ष, बायको, नावे ठेवणारे जग आणि घड्याळाचे काटे यांनी कट केला आहे. शेवटच्या निवेदनात तो बेमिसला मनुष्यजातीने स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेल्या विध्वंसाचा एक तुकडा म्हणतो. दोन्ही वेळा आरोपी कोण ते त्याने बरोबर ओळखले आहे. परंतु चित्र शब्दांहून बलवत्तर असते. निवेदन मनुष्यजातीला दोष देते, आणि कॅमेरा पायऱ्यांवर चाचपडणाऱ्या त्या वेड्यावाकड्या म्हाताऱ्यावर रोखलेला असतो. प्रेक्षक हसतो, ते त्याला पाहून. पहिल्यांदा साहेबांनी पुस्तक हिरावले, दुसऱ्यांदा बायकोने, आणि तिसऱ्यांदा, एका झटकेबाज शेवटाच्या मोहाने, खुद्द लेखकाने. बाँब ज्यांनी केला ते पडद्यावर येतच नाहीत. शिक्षा झालेली दिसते ती एकट्या वाचकाला.

तथापि त्याच शेवटात, जणू लेखकाच्या नकळत, एक मोठे सत्य येऊन बसले आहे, आणि ते दुसऱ्या खेपेसच डोळ्यांत भरते. या भागात काच दोनदा फुटते. तिजोरीत हादरा बसतो तेव्हा बेमिसच्या खिशातील घड्याळाची काच तडकते. पायऱ्यांवर चष्म्याची फुटते. पहिली काच फुटली तेव्हा वेळेची सत्ता संपली. दुसरी फुटली तेव्हा कळले की, वेळ म्हणजे सर्वस्व नव्हे. “एखाद्या दुकानाच्या ढिगाऱ्यातून दुसरा चष्मा शोधायचा होता,” असे चतुरपणे सुचविणारे भेटतात. त्यांना मुद्दाच समजलेला नाही. चष्मा म्हणजे काय? कोणीतरी भिंग घासले, कोणीतरी डोळे तपासले, कोणीतरी दांडी बसविली. पुस्तक म्हणजे काय? लिहिणारा, जुळारी, बांधणारा, कपाट झाडणारा ग्रंथपाल. वाचक खोलीत एकटा बसलेला दिसतो, परंतु त्याच्या वाचनाला शेकडो हात लागलेले असतात. वाचन ही समाजाला पाठ दाखविण्याची रीत असती, तर समाज नाहीसा झाल्यावर बेमिसचे काहीच अडले नसते. अडले, याचाच अर्थ वाचन हे माणसांशी असलेल्या नात्याचे एक रूप होते. ते नाते तोडणारे साहेब आणि ओळी खोडणारी बायको हेच त्या समाजात खरे असामाजिक होते.

सर्लिंगलाही हे कोठेतरी डाचत असावे, असे मी त्याच्या पुढच्या एका भागावरून म्हणतो. २ जून १९६१ रोजी ‘द ऑब्सोलीट मॅन’ हा भाग प्रक्षेपित झाला. नट तोच, बर्जेस मेरेडिथ. या वेळी तो रॉम्नी वर्ड्सवर्थ नावाचा ग्रंथपाल आहे. पुस्तके नष्ट केलेल्या एका हुकूमशाही राज्यात ग्रंथपालाचा उपयोग उरलेला नाही, म्हणून त्याला निरुपयोगी ठरवून मृत्युदंड देण्यात येतो. मरणाची रीत निवडण्याची सवलत असते. वर्ड्सवर्थ आपल्या खोलीत स्फोटाने मरणे पत्करतो, ते सर्वांना दूरचित्रवाणीवर दिसावे अशी अट घालतो, आणि शिक्षा फर्माविणाऱ्या अधिकाऱ्यालाच भेटीला बोलावून खोलीचे दार बंद करतो. ग्रंथपाल शांतपणे बायबल वाचीत बसतो. सत्ताधारी घामाघूम होतो आणि अखेरीस देवाच्या नावाने सुटकेची याचना करतो. वर्ड्सवर्थ त्याला सोडतो व स्वतः मरतो. येथेही वाचणारा मरतो, परंतु त्याला कोणी हसत नाही. बेमिसच्या चष्म्याची भरपाई सर्लिंगने दीड वर्षाने केली, असे मी समजतो. दुर्दैव एवढेच की, पहिला भाग सर्वांच्या स्मरणात आहे आणि हा दुसरा तितकासा नाही. वाचकाची फजिती लोकांना लक्षात राहते. वाचकाचे तेज राहत नाही.

हे सर्व परमुलखात बदलीवर असलेल्या मराठी माणसांच्या मासिकात कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. बेमिसने पायऱ्यांवर जानेवारी, फेब्रुवारी असे जे ढीग लावले, तसे ढीग आपल्यापैकी बहुतेकांनी मनात लावून ठेवलेले आहेत. त्या बेताला आपण ‘निवृत्तीनंतर’ असे नाव दिले आहे. बदलीचा हुकूम येतो, पुस्तके खोक्यात जातात, नव्या गावी क्वार्टर मिळते, आणि ते खोके माळ्यावर चढते ते पुढच्या हुकमापर्यंत. आधी खात्याची परीक्षा, मग बढती, मग मुलांची शिक्षणे, दरसाल मार्चअखेर आणि लेखापरीक्षण. अखेर वेळ मिळेल तेव्हा मोतीबिंदू पिकलेला असेल, आणि ज्याच्याशी त्या पुस्तकाविषयी बोलावे तो सोबती दुसऱ्या गावी, कदाचित दुसऱ्या लोकी, गेलेला असेल. ‘अखेर पुरेसा वेळ’ ही थाप आहे. बेमिसला ती थाप बाँबने मारली. आपण ती स्वतःलाच मारतो.

आपल्या कचेऱ्यांतही तो साहेब आहेच. अशाच एका कचेरीत मधल्या सुट्टीत मराठी मासिक वाचीत बसलेल्या सहकाऱ्याला वरिष्ठांनी, “तुम्हांला काम कमी दिसते,” असे सर्वांदेखत ऐकविल्याचे मी पाहिले आहे. त्याच अर्ध्या तासात शेजारच्या टेबलावर मोबाइलवर तऱ्हेतऱ्हेच्या चित्रफिती चालू होत्या. त्यांविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. काम कमी असल्याचा पुरावा पुस्तकच का ठरावे? फिरत्या चित्रात वेळ घालविणारा आपल्यासारखा वाटतो, आणि वाचणारा आपल्याहून वेगळा वाटतो, एवढेच त्याचे कारण. हा वेगळेपणाच साहेबांना सोसवत नाही. ज्यांच्या हाताखाली चार माणसे आहेत अशा वाचकांनी स्वतःला विचारून पाहावे की, आपण त्या साहेबांच्या खुर्चीत तर बसलेलो नाही ना? आणि घरी, मुलाच्या हातातील गोष्टीचे पुस्तक काढून “आधी अभ्यास” म्हणताना आपल्याच हाताने ओळी खोडल्या जात नाहीत ना?

“नोकरी वाचनासाठी नसते,” हे उत्तर मला पाठ आहे. मान्य! नोकरी वाचनासाठी नाही, पण मनुष्यही केवळ नोकरीसाठी नाही. मी कामाचे तास मागत नाही. जो अर्धा तास नियमानेच आपला आहे, तो निर्भयपणे आपला असावा, एवढेच मागतो. परमुलखात मराठी मंडळे गणेशोत्सव करतात, कोजागरी करतात, ते योग्यच आहे. त्याच मंडळाच्या खोलीतील पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे किती सभासदांना ठाऊक आहे? ती किल्ली शोधावी. आठवड्यातून एक संध्याकाळ कपाट उघडे ठेवावे, आणि वाचलेल्याविषयी बोलायला चार माणसे जमवावीत. कारण बेमिसला पुस्तकांइतकाच तुटवडा होता तो ऐकणाऱ्यांचा. चष्मा आज शाबूत आहे, डिकन्सही आहे आणि शेजारी ऐकणारा माणूसही आहे. ही तिन्ही एकत्र असण्याचा काळ चालू आहे तो आत्ता, भरल्या कामाच्या दिवसांत. पुढे तिन्ही एकत्र सापडतील अशी हमी कोणत्याही सेवानियमात लिहिलेली नाही.